पांढऱ्या गाडीवरचं लोखंड

"मॅडम, लगेच निघा. संध्याकाळी ही गाडी धुऊन पाठवायची आहे. एकदा धुतली की बघायला काही उरणार नाही."

रऊफ पेंटर फोनवर कधी हळू बोलत नसे. आज बोलला. आभा गायधनीने चहा अर्धाच सोडला आणि स्कूटरला किक मारली.

ठोकलेल्या, जळालेल्या, पुरात बुडालेल्या गाड्या बघून विमा कंपनीला अहवाल द्यायचा, हे आभाचं काम. नुकसान किती झालं हे कुणीही सांगेल. ते कशानं झालं, हे तिला सांगावं लागे.

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत पहिली पाळी सुरू झाली होती. रऊफच्या शेडमध्ये मधोमध पांढरी गाडी उभी होती. एव्हाना सगळं नाशिक ती गाडी ओळखू लागलं होतं. गर्गे इंजिनिअरिंगचे मालक गोविंदराव गर्गे दसऱ्याला सकाळी कारखान्यात पूजेला गेले, ते घरी परतलेच नाहीत. काही दिवसांनी त्यांची गाडी घोटीजवळ रेल्वेरुळांच्या शेजारी कच्च्या रस्त्यावर सापडली. मागची काच फुटलेली, आत कुणी नाही. तिथून हाकेच्या अंतरावर त्यांचा ड्रायव्हर बहिरू याची वस्ती. पोलिसांनी त्याच संध्याकाळी बहिरूला उचललं आणि पंचनामा करून गाडी सोडून दिली.

इन्स्पेक्टर देवरे शेडमध्ये आधीच येऊन बसले होते.

"या, मॅडम. काचेचा क्लेम तुमच्याकडे आहे ना? अहवालात एक ओळ माझ्यासाठी लिहा."

"कुठली?"

"गाडीवर हे गंजाचे ठिपके आलेत, ते रेल्वेच्या लोखंडी धुळीचे आहेत. म्हणजे गाडी दसऱ्यापासून रुळांजवळ उभी होती. बास."

"एका ओळीसाठी तुम्ही स्वतः आलात?"

"त्या ओळीवर माझी केस उभी आहे. बहिरू दसऱ्याला दुपारीच वस्तीवर पोहोचला, हे त्याचा अख्खा गाव सांगतो. गाडी तेव्हाच तिथे आली असेल, तर ती त्यानंच आणली. उद्या त्याला कोर्टात उभं करतोय. खुनाचं कलम लावून."

"प्रेत सापडलं?"

"सापडेल. घोटीच्या पुढं दऱ्या काय कमी आहेत?"

तिची सही पडली की एक माणूस जन्माचा आत जाणार होता, एवढं आभाला कळलं.

ती गाडीभोवती फिरली. पांढऱ्या रंगावर मोहरीएवढे नारिंगी ठिपके पडले होते. रऊफनं एक प्लास्टिकची पिशवी तिच्यापुढे धरली. तिनं ती हातावर चढवली आणि तळहात रंगावरून फिरवला. नुसत्या बोटांना जे जाणवत नाही, ते प्लास्टिकमधून जाणवतं. डावी बाजू खरखरीत कागदासारखी लागली. उजवी काचेसारखी गुळगुळीत.

"टपावर चढता येईल?"

"स्टूल आहे ना."

टपाच्या फक्त डाव्या कडेला थोडे ठिपके होते. उरलेला टप स्वच्छ.

ती खाली उतरली. डाव्या दरवाजाच्या अगदी तळाशी, टायरच्या वरच्या पत्र्यावर ठिपक्यांची दाटी होती. पुढच्या काचेच्या डाव्या कोपऱ्यावर तिनं नख ओढलं. नख अडखळलं.

"रऊफभाई, हे कसं काढणार होतात?"

"दोन तऱ्हा आहेत. आधी ऑक्झॅलिक ॲसिडचं पाणी. गंज विरघळून जातो. मग ही क्ले." त्यानं डब्यातून भिजवलेल्या कणकेसारखा गोळा काढला. "मुंबईहून मागवली. साबणाच्या पाण्यावर फिरवली की रंगात रुतलेला कण उचलते. पॉलिशनं फक्त वरचा गंज जातो, कण आतच राहतो. चार दिवसांनी पुन्हा फुटतो."

"दाराच्या खालच्या कोपऱ्यात हाताएवढ्या जागेवर करून दाखवा. बाकी कशाला हात लावू नका."

रऊफनं हातमोजे घालून पाणी लावलं, थांबला, पुसलं, मग गोळा फिरवला. नारिंगी रंग गेला. गोळ्यावर काळे कण उमटले. आभानं भिंग लावलं आणि बराच वेळ ते काढलं नाही.

"देवरे साहेब, बघा."

"काळे मणी दिसतायत. गोल."

"रेल्वेच्या ब्रेकची धूळ चपट्या कपच्यांची असते. मणी गोल होतो तो लोखंड वितळल्यावर. ही ग्राइंडरची ठिणगी आहे. तापलेली असताना रंगात घुसली, काचेतही घुसली. रेल्वेची धूळ काचेत घुसत नाही. आणि ती वरून बसते, टपावर सगळ्यांत जास्त. इथं टप स्वच्छ आहे आणि दाराचा तळ भरलाय."

देवरेंचा चेहरा पडला नाही, कडक झाला. "मग सातपुरात पडली असेल. इथं काय, गल्लोगल्ली ग्राइंडर. दसऱ्याच्या आधीच पडली असेल. माझी केस तशीच राहते."

आभानं मान हलवली. ते बरोबर होतं. ती बॉनेटसमोर आली आणि वाकली. मग गुडघ्यावर बसली.

बॉनेटच्या डाव्या अर्ध्या भागात ठिपके दाट होते. पण त्या दाटीत अंगठ्याएवढ्या रुंदीच्या काही पट्ट्या कोऱ्या होत्या. तिनं खिशातला खडू काढून त्यांच्या कडा जोडल्या. दोन वळलेले हात तयार झाले. पुढे, दिव्यांच्या वर, एक कमानीसारखी कोरी पट्टी गेली होती.

"हे अर्धं स्वस्तिक आहे," रऊफ म्हणाला. "आणि हा हार."

"पूजेत कुंकू कालवून जाड स्वस्तिक काढलं होतं," आभा म्हणाली. "ठिणग्या कुंकवावर पडल्या, रंगापर्यंत पोहोचल्या नाहीत. नंतर कुणीतरी कुंकू पुसलं, हार काढला. म्हणजे दसऱ्याची पूजा झाल्यावर आणि गाडी घोटीला सापडण्याआधी, कुणीतरी हिच्या शेजारी ग्राइंडर चालवला."

"दसऱ्याला?" देवरे उभे राहिले. "दसऱ्याला यंत्राला हात कोण लावतं?"

"तेच शोधायचंय. रऊफभाई, गाडी धुवायला कुणी सांगितली?"

"कुंदनशेठनी. गर्गेसाहेबांचे पार्टनर. म्हणाले, वहिनींचा निरोप आहे, गाडी चकाचक करून दारात उभी करायची."

देवरेंनी एक शिपाई गाडीपाशी बसवला.

पोलीस ठाण्याच्या पायरीवर बहिरूची बायको गोजराबाई बसली होती. आभा जवळून जाताना तिनं पदर धरला.

"बाई, तुमी त्या गाडीवरचे ठिपके बगितले म्हनं. काय म्हनत्यात ते?"

"अजून पुरतं बोललेले नाहीत, मावशी."

"लवकर बोलवा त्येन्ला. उद्या नेनार हायेत माज्या मान्साला."

आत बहिरू भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. त्याचा नवा सदरा मळला होता.

"हा सदरा कुणी दिला?"

"सायबांनी. दसऱ्याचा. म्हनले, जा, पोराबाळांत सन कर. गाडी मी नेतो घरी."

"गाडी कुठं होती तेव्हा?"

"फाटकापाशी, लिंबाच्या सावलीला. तोंड रस्त्याकडं. सायबांनी सोताच्या हातानं स्वस्तिक काढलं, मी झेंडूचा हार घातला. किल्ली हापिसात खुंटीला लावली अन् यष्टीनं गेलो."

"तू निघालास तेव्हा कारखान्यात कोण होतं?"

"साहेब अन् कुंदनशेठ. गडी आधीच गेल्ते."

"कुंदनशेठ सांगतात की ते गड्यांबरोबर निघाले. मागं तू आणि साहेब दोघंच होतात," देवरे म्हणाले.

बहिरूनं मान वर केली. "मंग शेठ खोटं बोलत्यात. पन माजं कोन ऐकनार? मी डायवर मानूस."

गंगापूर रोडवर गर्गे यांच्या घरी सुधाताई दारातच भेटल्या. आठवडाभर त्या झोपल्या नसाव्यात.

"गाडी दारात उभी करा, असा निरोप तुम्ही दिला होता?"

"मी? मला ती गाडी बघायचीसुद्धा नाही."

"दसऱ्याला गोविंदरावांशी काही बोलणं झालं होतं?"

"दुपारी फोन आला होता. म्हणाले, जेवायला थांबू नका, उशीर होईल. चिडलेले होते. म्हणाले, उद्याचा माल जाणार नाही, मी जाऊ देणार नाही. सणासुदीला काय कारखान्याचं घेऊन बसता, असं मी म्हटलं." त्यांनी पदर तोंडाशी नेला. "तेच शेवटचं बोलणं झालं."

"कुठला माल?"

"बसच्या ब्रेकला लागणारे पार्ट करतात ना, तो."

दुपारी आभा आणि देवरे गर्गे इंजिनिअरिंगच्या फाटकातून आत शिरले. लोखंडी गजांचं फाटक. त्यातून रस्त्यावरच्या माणसाला सगळं अंगण दिसत असे. कुंदनशेठ सामोरे आले. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, चाळिशीचा शांत माणूस. त्यांनी खुर्च्या मागवल्या, पाणी मागवलं.

"काही कळलं का आमच्या गोविंदरावांचं?"

"थोडं थोडं कळतंय," देवरे म्हणाले. "गाडीवर ग्राइंडरच्या ठिणग्या आहेत."

कुंदनशेठनी क्षणभरच विचार केला. "तो शेजारचा भिमाजी. भिंतीपलीकडे दिवसभर ग्राइंडर लावून बसतो. गोविंदरावांची त्याच्याशी किती भांडणं झाली! एकदा तर त्यानं धमकी दिली होती. सगळी वसाहत साक्षीला आहे."

भिमाजीला बोलावलं. तो आला तो तावातच.

"धमकी दिली, व्हय, दिली! माझ्या शेडची धूळ यांच्या गाडीवर, अन् यांच्या ट्रका माझ्या दारात. पन दसऱ्याला माझं शेड बंद व्हतं. मी नांदगावला बहिणीकडं. अन् साहेब, दसऱ्याला पुजलेलं हत्यार कोन उचलंल? हात झडतील!"

"भिंत केवढी आहे?" आभानं विचारलं.

"दिसती ना. दोन पुरुष उंच."

आभानं भिंतीकडे पाहिलं, मग अंगणाकडे. भंगाराचे ढीग भिंतीला लागून रचले होते. एकच ढीग अंगणाच्या ऐन मध्यावर होता, जिथं ट्रक मागे घ्यायला जागा लागते.

"त्या ढिगाखाली काय आहे?"

"काही नाही. पूर्वी भट्टी तेलावर चालायची, तेव्हाची जमिनीतली टाकी. भट्टी विजेवर आली, टाकी धुऊन झाकण वेल्ड करून टाकलं. कितीतरी वर्षं झाली," कुंदनशेठ म्हणाले.

ढिगापासून लिंबाच्या दिशेनं कोब्यावर नारिंगी ठिपके पंख्यासारखे पसरले होते. झाडून घेतलेल्या जागेवरच ते उठून दिसत होते. झाडूनं वरची धूळ गेली होती. कोब्याच्या भोकांतली दवानं गंजली होती.

ती शेडमध्ये शिरली. कोपऱ्यात ब्रेकचे काही पार्ट पडले होते, त्यांच्यातले तडे वेल्डिंगनं भरून घासलेले होते. यंत्रांवर पूजेच्या खुणा अजून होत्या. त्या पुसायच्या नाहीत, आपोआप जाऊ द्यायच्या, अशी इथली रीत. लेथवर हळदीचं बोट, त्याला लागून कुंकवाचं बोट. ड्रिलवर तसंच. प्रेसवर तसंच. तराजूवरसुद्धा तसंच. फळीवर हातातला ग्राइंडर होता. त्याच्यावर फक्त कुंकू होतं.

"पूजा कोण करतं?"

"अंबूबाई. झाडलोट करते ती," एक गडी म्हणाला.

अंबूबाई दारातच उभी होती.

"अंबूबाई, या एकाला हळद का नाही लावली?"

म्हातारीनं फळीकडे पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. "असं कसं व्हईल? हळदीबिगर कुंकू मी लावीन का, बाई? आधी हळद, मंग कुंकू. हे माझं बोट नाय. लय जाड हाय."

आभा बाहेर आली. देवरेंना म्हणाली, "मध्यावरचा ढीग हलवायला सांगा."

"तो माल उद्या उचलायचाय," कुंदनशेठ म्हणाले. आवाज तसाच शांत होता. "आणि मॅडम, तुम्ही काचेचा क्लेम बघायला आलात ना?"

"हो. दसऱ्यानंतरच्या सकाळी इथून ब्रेकचा माल गेला का?"

"गेला. ठरल्याप्रमाणे."

"गोविंदराव बेपत्ता, घरचे लोक शोधत फिरतायत, आणि माल ठरल्याप्रमाणे गेला?"

"धंदा थांबत नाही."

"पण गोविंदराव थांबवणार होते. दुपारी त्यांनी घरी फोनवर तेच सांगितलं होतं."

कुंदनशेठनी रुमालानं मान पुसली. शिपाई ढीग उपसू लागले. लोखंडावर लोखंड आपटत होतं, त्यात आभा बोलू लागली.

"दसऱ्याची पूजा झाली. गडी गेले, बहिरू गेला. गोविंदराव उद्याच्या मालावर नजर टाकायला मागं राहिले. ब्रेकचे जे पार्ट तडा गेला म्हणून भंगारात जायला हवे होते, ते तुम्ही वेल्डिंगनं भरत होतात, ग्राइंडरनं गुळगुळीत करून रंग मारून पाठवत होतात. ते त्यांना त्या दिवशी दिसलं. गेलेला माल पोलीस परत मागवतील, तेव्हा हे सिद्ध होईलच. भांडण झालं. त्यांना तुम्ही कशानं मारलंत, ते तुम्हीच सांगा."

"कल्पना चांगली आहे."

"प्रेताचा प्रश्न उरला. टाकी समोर होती. पण झाकणाचं वेल्डिंग कापायला ग्राइंडर लावावा लागणार. आणि दसऱ्याची दुपार. रस्त्यावरून लोक सोनं वाटायला येणार-जाणार. फाटक गजांचं. म्हणून तुम्ही खुंटीवरची किल्ली घेतलीत आणि लिंबाखालची गाडी आणून टाकी आणि फाटक यांच्यामध्ये आडवी लावलीत. पडदा म्हणून. तिच्या डाव्या बाजूला बसून झाकण कापलंत. नंतर ते परत वेल्ड केलंत, घासलंत. बहुतेक ठिणग्या जमिनीलगत उडाल्या, म्हणून दाराचा तळ भरला. भिमाजींच्या ठिणग्या असत्या, तर दोन पुरुष उंच भिंत ओलांडून टपावर पडल्या असत्या."

भिमाजी तोंड उघडं टाकून ऐकत होता.

"झेंडूचा हार होरपळला, म्हणून काढलात. स्वस्तिकात काळे कण चिकटले, म्हणून ते पुसलंत. गाडी पांढरीशुभ्र दिसली, तशीच ती तुम्ही घोटीला बहिरूच्या वस्तीपाशी नेलीत आणि मागची काच फोडून सोडलीत. तेव्हा ती खरोखर स्वच्छच दिसत होती. रंगात रुतलेलं लोखंड लगेच दिसत नाही. त्याला दव लागतं, दोन-चार रात्री लागतात, मग ते फुटतं. गाडी परत आली तेव्हा तुम्ही ठिपके पाहिलेत आणि वहिनींच्या नावानं धुवायला पाठवलीत."

"ग्राइंडर कुणीही चालवला असेल. बहिरूसुद्धा."

"बहिरू दुपारी गावात होता, हे पोलीसच सांगतायत. आणि चालवणाऱ्याला एक धास्ती होती. फिरताना ग्राइंडरवरचं हळदकुंकू उडून गेलं. सकाळी गडी येतील, पुजलेलं हत्यार पुसलेलं दिसेल. मग त्यानं देव्हाऱ्यातल्या करंड्यातून कुंकू घेऊन लावलं. हळद लावायची असते, हे त्याच्या लक्षातच आलं नाही. वर्षानुवर्षं पूजेला उभा राहिलेला माणूस, पण बोट नेहमी दुसऱ्याचंच. आणि दसऱ्याच्या खुणेची फिकीर बाहेरचा मारेकरी करत नाही. ज्याला दुसऱ्या दिवशी त्याच गड्यांसमोर मालक म्हणून उभं राहायचंय, तोच करतो."

ढीग बाजूला झाला. खाली लोखंडी झाकण होतं, लाल ऑक्साइडचा हात मारलेलं. अंगणात वर्षानुवर्षं गंजलेल्या प्रत्येक वस्तूत ते एकटंच ताजं दिसत होतं. वाऱ्याबरोबर एक वास आला. अंबूबाईनं पदर नाकाला लावला आणि मागे सरली.

देवरेंनी ग्राइंडर मागवला. गड्यांपैकी कुणी पुढे येईना. शेवटी भिमाजीनंच तो उचलला, वायर जोडली आणि झाकणाच्या कडेला गुडघे टेकले. चाक फिरू लागलं. पहिली ठिणगी उडाली.

"त्या बाजूनं नको."

आवाज कुंदनशेठचा होता. भिमाजीनं बटण बंद केलं. चाक फिरत फिरत थांबलं.

"काय म्हणालात?" देवरेंनी विचारलं.

कुंदनशेठ झाकणाकडेच बघत होते. कपाळावरचं गंध घामानं ओघळलं होतं.

"त्या बाजूला डोकं आहे त्यांचं," ते म्हणाले. "ठिणग्या तोंडावर पडतील."

शिपायांनी त्यांचे दोन्ही हात धरले. त्यांनी ते सोडवून घेण्याचा प्रयत्नही केला नाही.

संध्याकाळी देवरेंनी स्वतः कोठडीचं दार उघडलं. मागे आभा होती, आणि तिच्या मागे पदराचा बोळा तोंडात धरलेली गोजराबाई.

"ऊठ, बहिरू. घरी जा."

बहिरूला आधी कळलंच नाही. मग तो भिंत धरून उभा राहिला. दोन पावलं आला आणि थांबला.

"साहेब सापडले?"

देवरेंनी आभाकडे पाहिलं. आभानं मान हलवली.

"सापडले," ती म्हणाली. "सिव्हिलमध्ये नेलंय. सकाळी घरच्यांच्या ताब्यात देतील."

गोजराबाईनं नवऱ्याचा दंड धरला. "चला, शेवटची यष्टी हाय."

बहिरूनं तिचा हात हळूच सोडवला आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसला.

"तू हो म्होरं," तो म्हणाला. "त्यांना घरी न्यायचं माझ्याकडं व्हतं. सकाळी नेऊनच येतो."